घोड्याच्या आईचं नाव

खरं सांगतो, माझ्या मित्राचा व्याही मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, निदान चारचौघांत नावं तरी ठेवता आली असती.

मित्र आणि मी दौंडच्या शाळेत एका बाकावर होतो. पुढे तो रेल्वेत फिटर झाला, मी बुकिंग क्लार्क, म्हणजे गावाच्या भाषेत तिकीट मास्तर. रिटायर झाल्यापासून पावसाळ्यातल्या रविवारी सकाळच्या गाडीनं आम्ही दोघं पुण्याला घोड्यांच्या रेसला जातो. जुगारी म्हणाल तर तसं काही नाही, चहापाण्याला लागेल तेवढंच लावायचं. खरी मजा गाडीत असायची. रेसचं पुस्तक इंग्रजी, अक्षरं मुंगीएवढी, आणि मित्राचं इंग्रजीशी सहावीतच फाटलेलं. त्यामुळे वाचणार मी. कोणतं घोडं मागच्या खेपेला कितवं आलं, पाठीवर वजन किती, जॉकी कोण, पल्ला केवढा, सगळं वाचायचं, तोलायचं आणि पेन्सिलीनं खूण करायची. पाटसला पहिली रेस उरकायची, केडगावला तिसरी, यवतला पाचवी. हडपसर येईपर्यंत अख्खं पुस्तक रंगलेलं असायचं.

"मास्तर, तू म्हणशील ते," मित्र म्हणायचा.

एवढं ऐकायला मी शनिवारची दुपार त्या पुस्तकात घालवायचो. बायको म्हणायची, "एवढा अभ्यास शाळेत केला असता तर कलेक्टर झाला असता." मी मनात म्हणायचो, कलेक्टरला तरी असं कोण म्हणतं, तू म्हणशील ते?

गेल्या वर्षी मित्राची मुलगी मांडवगण फराट्याला दिली. तिचे सासरे जन्मभर शिरूरकडच्या एका स्टड फार्मवर कामाला होते. तिथं रेसच्या घोड्यांची पैदास होते. घोड्या विणार, शिंगरं वाढणार, आणि त्यांचं सगळं हे बघणार. एका रविवारी मित्र त्यांना घेऊनच प्लॅटफॉर्मवर आला.

"मास्तर, हे आमचं पाव्हणं. घोड्यातलं लई जानत्यात."

'लई जानत्यात' म्हणे! मग मी इतकी वर्षं काय गवत उपटत होतो?

गाडी सुटली, मी पहिली रेस उघडली. पाव्हणे टोपी मांडीवर ठेवून ऐकत होते. माझं वाचून झालं तसं हळूच म्हणाले, "मास्तर, ह्या चार नंबरची आई कोन?"

मला कळेचना. मग दिसलं, घोड्याच्या नावाखाली आणखी बारीक अक्षरांत त्याच्या बापाचं आणि आईचं नाव छापलेलं असतं. मी कधी तिकडे ढुंकून बघितलं नव्हतं. आईचं नाव वाचलं.

"आरं तिच्या! ही तर आमची काळी!" पाव्हणे उजळले. "फार्मवर शिंगराला नाव नसतंय मास्तर. अमकीचं पोरगं, तमकीची पोरगी, एवढंच. नाव मागनं मालक ठिवतो. पर काळीचं पोरगं म्हंजी गर्दीत दबनार. बाहेरच्या अंगानं मोकळं पळालं, तर मग कुनाला ऐकत न्हाई."

चार नंबर बाहेरच्या अंगानं मोकळा पळाला आणि पहिला आला. मी खूण केलेलं घोडं कुठं होतं ते विचारू नका.

नव्याचे नऊ दिवस, म्हणून मी सोडून दिलं. पण ह्यांचे नऊ दिवस संपेनात. पुढच्या रविवारी दोन घोडी बरोबर सांगितली, त्याच्या पुढच्या रविवारी तीन. खिडकीची जागा माझी होती, ती मित्रानं त्यांना दिली. मुलीचा सासरा, मान द्यायलाच हवा, कबूल. पण आपल्या डब्यातले नेहमीचे दोघंतिघंही त्यांच्याकडेच सरकून बसायला लागले. आयत्या बिळावर नागोबा! आणि मित्र काय म्हणाला असेल?

"पाव्हणं, तुम्ही म्हणाल ते."

माझं वाक्य! मला दिलेलं वाक्य त्यानं जसंच्या तसं उचलून दुसऱ्याला दिलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आता माझं काम उरलं एवढंच, मास्तर ह्याची आई वाच, मास्तर त्याची आई वाच. पाव्हण्यांना आकडे कळायचे, पण अक्षर वाचता येत नव्हतं, ना मराठी ना इंग्रजी. त्यांचं सगळं शहाणपण माझ्या डोळ्यांवर चाललं होतं, आणि शाबासकी मात्र त्यांना.

एका रविवारी सकाळपासून झिमझिम होती. यवत मागं पडलं, पाचवी रेस निघाली. सात नंबरच्या खाली मला भुरीचं नाव दिसलं. भुरी ही त्यांची सगळ्यात लाडकी घोडी. तिचं पुस्तकातलं नाव आणि त्यांचं घरगुती नाव, दोन्ही आता मला पाठ होती. भुरीची पोरं चिखलात उडतात, हे त्यांनी शंभरदा सांगितलं होतं. दोन नंबरची आई कुठली तरी परकी होती, आणि ते घोडं माझ्या हिशेबानं शेवटून पहिलं येणारं.

मी भुरीचं नाव दोन नंबरला वाचलं, आणि सातला त्या परकीचं. जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

"भुरीचं?" पाव्हणे ताठ झाले. "आन् आज चिखल हाय. दोन नंबर! डोळं झाकून!"

"मग आज हात सैल सोडतो," मित्र म्हणाला.

मी खिडकीबाहेरचा ऊस बघत राहिलो. आतून नुसत्या उकळ्या फुटत होत्या. पडू देत पाव्हणे एकदा तोंडावर, म्हटलं, मग मित्रा, येशील माझ्याकडेच.

रेसच्या आधी घोडी पॅडॉकमध्ये फिरवतात, आपण कठड्याला टेकून बघायची. दोन नंबर समोरून गेला. पाव्हण्यांनी मान पुढं काढून त्याची चाल बघितली. मग सात नंबर आला. मागचा डावा पाय पांढरा. पाव्हण्यांनी कठडा घट्ट धरला.

"ह्यो पाय," ते पुटपुटले. "ह्योच पाय आधी आलता बाहेर. पोर उलटं व्हतं. मी धरून वढलं."

सात नंबर वळून लांब गेला. पाव्हण्यांनी मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. एकदाच. मी पुस्तकात डोकं घातलं.

मित्र पैसे लावायच्या खिडकीकडे निघालाच होता. पाव्हण्यांनी हाक मारली, "थांबा! दोन न्हाई. सात. भुरीचं सात हाय."

"आँ? गाडीत तर दोन म्हणालात."

आता माझं नाव निघणार, अशी मी खात्रीच धरली.

"माज्या डोस्क्यात आकडं उलटंपालटं झालं," पाव्हणे म्हणाले. "वय झालं आता."

"व्हय व्हय, व्हतं असं," म्हणत मित्र गेला.

सात नंबर मानेच्या फरकानं दुसरा आला. मित्रानं तो पहिला येईल म्हणून लावलं होतं, ते गेलं. तो थोडा कुरकुरला. पाव्हणे मात्र लहान पोरासारखे टाळ्या पिटत होते. "बगितलं का? चिखलात कसं उडालं! आईवर गेलंय बगा!"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी विचारलं, "तुम्ही लावलं नाही?"

"मी कवा लावलंय?" ते म्हणाले. "मी आपला पोरं बघाया येतो. दीड वर्साचं झालं की टेम्पोत घालून नेत्यात, मागनं गाठ न्हाई पडत. तुमी आईचं नाव वाचता, तवा कळतंय कोनतं आपलं ते."

माझी ज्याच्याशी एवढी शर्यत चालली होती, तो गडी धावतच नव्हता.

परतीच्या गाडीत ते उठून माझ्या शेजारी येऊन बसले. पुस्तक मागून घेतलं, पाचव्या रेसचं पान माझ्याकडूनच उघडवून घेतलं आणि सात नंबरवर बोट ठेवलं.

"मास्तर, मला आईचं नाव वाचाया शिकवा. सगळं इंग्रजी नको. आमच्या घोड्या धाबारा. तेवढी नावं वळकू आली की झालं."

आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. असता तर मी भांडलो तरी असतो.

"शिकव की," समोरून मित्र म्हणाला. "तुला दुसरं काम काय हाय?"

मी पेन्सिल काढली आणि भुरीच्या नावाखाली रेघ ओढली. पाव्हणे वाकून एकेका अक्षरावरून बोट फिरवायला लागले, तोंडातल्या तोंडात घोकायला लागले. मला लाज वाटली, नाही असं नाही. पण ती नंतर वाटली. आधी मनात आलं ते हे, की हा वाचायला शिकला, तर मग माझ्याकडे कोण कशाला येईल?