हलका पेन उचलवेना

मित्रहो, आज कॅम्प-१ या कामगार वस्तीत देवानंदच्या पुण्यानुमोदनात, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात, बोलून आलो. माझा हा मित्र कारखान्यात माल वाहणाऱ्या, संरक्षक जाळी नसलेल्या फिरत्या पट्ट्यात सापडून दगावला.

त्याची बोटं आधीच्या एका अपघातात भाजलेली होती. म्हणून तो पिस्टनने शाई ओढून घेणारा हलका फाउंटन पेन वापरायचा. लिहिताना दाबावं लागत नाही.

त्याच्या बायकोनं, वहिनींनी, तोच पेन मला दिला. "भाऊ, त्याईनं शाई भरून ठेवली होती. पट्ट्याची तक्रार लिवाची होती."

मी तिथेच तक्रार लिहिली, सही केली आणि पेन सहीसाठी देवानंदच्या कारखान्यातल्या सोबत्यांपुढे धरला.

"भाऊ, मले बॉलपेनचीच सवय हाये," एकजण म्हणाला. बाकीचे चपला शोधू लागले.

उद्या हेच लोक त्याच पट्ट्याजवळ उभे राहतील. पेनात शाई अजून भरपूर आहे. सांगा, एवढा हलका पेन आपल्याला का उचलवत नाही?