पपईच्या देठातून श्वास

परवा पपईचं पान तोडलं, देठातून पांढरा चीक गळला आणि त्याच्या कडवट वासाने मला थेट पिंपळनेरच्या आमच्या मळ्यातल्या हौदात नेऊन बसवलं. मी तेव्हा सहावीत होते. पाणबुडीतून समुद्राचा तळ धुंडाळणाऱ्यांची एक जाडजूड कादंबरी शाळेतून आणली होती. डोक्यावर पितळी टोप चढवून माणसं तळावर पायी हिंडायला निघाली, तोच आबांनी, म्हणजे आजोबांनी, ती माझ्या हातातून ओढून घेतली. "आठे समुद्र कोठे शे? पोरीस्नी हाई वाचीसन काय करनं?" म्हणत त्यांनी ती बंबाशेजारच्या जळणाच्या ढिगावर फेकली. मी रडले नाही. पपईचा पोकळ देठ दोन्ही टोकांना कापला, तोंडात धरला आणि कपड्यांनिशी हौदाच्या तळाशी जाऊन बसले. पाण्यावर फक्त देठाचं टोक राहिलं. गारठ्याने अंग आखडलं, चिकाने ओठ चुरचुरू लागले, कानांत पाणी घुमत होतं. आबांच्या हाका आधी रागाच्या होत्या, मग घाबऱ्या झाल्या. शेवटी ते काठावर वाकून ओरडले, "बाहेर निंघ, माय! ली ले तुनं पुस्तक!" हे मला पाण्यातही नीट ऐकू आलं. डोळे उघडले, तर वर त्यांचा चेहरा आणि हातात माझी कादंबरी. तरी मी आणखी थोडा वेळ खालीच बसले आणि माझ्या मर्जीने वर आले. आबांना एवढं घाबरवल्याचं वाईट वाटतं का, असं घरचे अजून विचारतात. नाही वाटत. देठ लांब मिळाला असता, तर विहिरीत बसले असते.