डोळ्यांतपण हळद?

माझ्या बाळंतपणाला आई पुण्याहून सिंगापूरला आली ती अर्धी बॅग डिंक, अळीव आणि आंबेहळद घेऊन. बुकित बातोकच्या आमच्या फ्लॅटमध्ये शिरताच तिने निकाल दिला, इथल्या हॉस्पिटलवाल्यांना बाळ न्हाऊ घालायची अक्कल नाही. पुसून काढतात म्हणे, फर्निचर असल्यासारखं! मग रोज साय, डाळीचं पीठ, हळद, आणि माझी लेक पिवळीधमक. "कांती बघ कशी उजळली," आई म्हणायची, मी मान डोलवायची. नवरा एकदा चाचरत म्हणाला, "जरा जास्तच पिवळी नाही का?" त्याला आम्ही मायलेकींनी मिळून गप्प बसवलं.

पॉलिक्लिनिकमध्ये वजन करायला गेलो, तर तिथली पन्नाशीची चिनी नर्स म्हणाली, "हिला कावीळ दिसतेय."

"अहो, हळद आहे ती!" मी हसले. आईला सांगितलं, तीही हसली. नर्सने ओल्या कापसाने बाळाची छाती पुसली. कापूस पिवळा. आईने विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं.

नर्सने बाळाची पापणी हळूच वर केली. "डोळ्यांतपण घातली का, आन्टी?"

भाषांतर करावं लागलं नाही. आईने बुबुळांभोवतीचा पिवळा रंग पाहिला आणि तिचा चेहराच उतरला.

रक्त तपासलं, आणि लेक थेट हॉस्पिटलात, डोळ्यांवर पट्टी, अंगावर निळा उजेड. माझी भीतीने गाळण उडाली होती. मी देवाला, नवऱ्याला, हळदीच्या डब्याला, सगळ्यांना शिव्या घातल्या. आईला तेवढ्या नाही, कारण ती स्वतःच स्वतःला घालत होती.

बाळ बरं होऊन घरी आलं, पण आई न्हाणीघराकडे फिरकेना. अख्ख्या आळीची पोरं पायांवर घेऊन न्हाऊ घातलेली बाई! "तूच घाल अंघोळ. माझा हात नको लागायला," म्हणाली. मला रडूच आलं.

फेरतपासणीला तीच नर्स. बाळ ठणठणीत आहे म्हणाली आणि मग आईकडे बोट करून तिने सगळं सुनावलं: हळदीमुळे कावीळ लपली, अजून उशीर झाला असता तर मेंदूवर गेलं असतं, पुन्हा हा प्रकार नको.

"काय म्हणते गं?" आई.

"म्हणते, हळद नको. पण आजीच्या हातची अंघोळ बंद करू नका."

"एवढं गोड, आणि इतक्या रागाने?"

"इथे सगळे असंच बोलतात."

आई माझ्याकडे बघत राहिली. "खोटारडी मेली," म्हणाली आणि हात पुढे केले. "आण इकडे तिला."