आठवरचे बारा दाणे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला मी बाकी सगळं सांगतो, मुलाखतीत घाम फुटला होता तेसुद्धा. मग तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. चार ओळी लिहितोय, उठतोय, खिडकीपाशी जाऊन परत येतोय. सकाळपासून हेच चाललंय.

आधी मी कोण ते सांगतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडील बाजार समितीत हमाल होते. तालुक्याच्या शाळेत मला मॉनिटर केलं ते हुशारीसाठी नव्हे, बाई वर्गासमोर म्हणाल्या होत्या, "हा खोटं बोलत नाही." पुढे त्याच बाईंनी माझा इंजिनीअरिंगचा फॉर्म भरला, पुण्यात राहायची सोय लावून दिली. आज मी इथे परदेशात, आर्नहेमला, वीज कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितो, त्यात किती जणांचे हात आहेत हे मी विसरलेलो नाही. बाईंच्या त्या वाक्यावर लोकांनी मला इथवर पोचवलं. आणि त्याच वाक्याचा मी — पण थांबा, क्रमाने सांगतो.

लॉकडाऊनचा दुसरा वसंत. रात्रीची संचारबंदी होती, आणि घरी दिवसाला एकच पाहुणा, असा नियम. त्याआधी आम्ही सगळे शनिवारी आल्मेरेला हेमंतदादा आणि मंजिरीवहिनींकडे जमायचो. वहिनींच्या हातचं जेवायचं, मोठ्याने बोलायचं, भांडी घासू लागायचं. आता एकालाच जाता येणार. माझं लग्न व्हायचं होतं; आम्ही एकटे राहणारे तिघं होतो: मी, डेल्फ्टची रुपाली आणि नायमेखनचा प्रशांत. आधी पाळी लावली. पण कुणाला सर्दी झाली, कुणाचा टेस्टचा निकाल आला नाही, पाळ्या चुकल्या, कुरबुरी सुरू झाल्या. तेव्हा हेमंतदादाने कपाटातून क्रॅप्सचा खेळ काढला — कुठल्याशा ऑफिस पार्टीत मिळालेला हिरवा कपडा आणि दोन फासे. शुक्रवारी ऑफिस संपलं की सहा वाजता व्हिडिओ कॉल. दादा जेवणाच्या टेबलावर फासे टाकणार, आम्ही आपापल्या घरून डाव लावणार. प्रत्येकाला राजम्याचे वीस दाणे. सात वाजता ज्याच्याकडे जास्त दाणे, तो उद्या आल्मेरेला.

पोरकट वाटतं ना? भिंतीकडे तोंड करून पाच आठवडे एकट्याने जेवून बघा.

नियम कुणालाच येत नव्हते. "सर आहेत की! सर वाचून काढतील," रुपाली म्हणाली. मला ती सरच म्हणायची; खेळापुरता प्रशांतही. मी दोन संध्याकाळी बसून वाचलं, परीक्षेसारख्या नोट्स काढल्या. खेळ तसा सोपा. पहिल्या फेकीत चार, पाच, सहा, आठ, नऊ, दहा यांतला आकडा आला की तो पॉइंट. मग तो पॉइंट पुन्हा येईपर्यंत किंवा सात पडेपर्यंत फासे टाकत राहायचे. पॉइंट आधी आला तर पास लाईनवर, म्हणजे पॉइंटच्या बाजूने, लावणारे जिंकतात. सात पडला तर ते हरतात, फेरी संपते. उलट्या बाजूने लावणाऱ्याचं मात्र सातवर फावतं. मी बहुतेक वेळा उलट्या बाजूला असायचो.

खरी गंमत मधल्या वेळात. फेरी चालू असताना आणखी काय काय करता येतं, यावर माझ्या नोट्सचं अख्खं एक पान होतं. पास लाईनवरच्या दाण्यांमागे आणखी दाणे ठेवता येतात. सहावर, आठवर, हव्या त्या आकड्यावर वेगळे लावता येतात; तो आकडा आला की कमाई, सात पडला की तेही जातात. आणि आकड्यावर लावलेले हे दाणे पुढची फेक होण्याआधी कधीही उचलता येतात. फक्त पास लाईनवरचा पहिला डाव अडकतो; पॉइंट ठरल्यावर तो काढता येत नाही.

ते पान मी ग्रुपवर टाकणार होतो. "पाठवतो," म्हणालो. दोनदा म्हणालो. पाठवलं नाही. हॉस्टेलवर आम्ही असंच करायचो — चांगल्या नोट्स परीक्षा होईपर्यंत गादीखाली. सवय, असं म्हणता येईल. पण सवय होती का ती? कुणीही अडलं की मलाच विचारणार, हे मला आवडत होतं. एवढंच सांगून थांबता आलं असतं तर बरं झालं असतं.

गुरुवारी प्रशांतचा फोन आला. त्याची आई लातूरला हॉस्पिटलमध्ये होती, ऑक्सिजनवर. त्या दिवसांत तिकडची काय हालत होती, तुम्हाला आठवत असेल. गेला तर पोचेपर्यंत काय, आणि परत येता येईल की नाही, कशाचाच पत्ता नव्हता. "कुणाला बोलू नकोस," तो म्हणाला. "वहिनींना कळलं तर त्या मलाच बोलावतील. कीव म्हणून नकोय मला. जिंकून जाईन. एखाद्या घरात बसायचंय रे नुसतं. जिथं कुणीतरी कुकर लावतंय."

मी म्हणालो, काळजी करू नकोस. हे सगळं मला शुक्रवारच्या आधी माहीत होतं. ही गोष्ट कृपा करून लक्षात ठेवा.

शुक्रवारी रुपालीचे दाणे साडेसहालाच संपले. "माझा राजमा शिजला! आता तुम्ही दोघं भांडा," म्हणत ती कॅमेऱ्यासमोरच मॅगी खायला बसली. सातला थोडाच वेळ उरला होता. शेवटची फेरी. पॉइंट ठरला दहा. प्रशांतचे थोडे दाणे पास लाईनवर होते, माझे नेहमीसारखे उलट्या बाजूला. मग त्याने बारा दाणे आठवर लावले. पुढच्याच फेकीत आठ आला, त्याला वर चौदा मिळाले; लावलेले बारा आठवरच राहिले. हेमंतदादा ओरडला, "परशा, वहिनीला सांगतो रे, कोथिंबीर वडी टाक म्हणून!"

प्रशांत पुढे गेला होता. आठवरचे ते बारा त्याने आता उचलून घेतले असते, तर सात पडूनही तोच पुढे राहिला असता. मी मनातल्या मनात ताळा करून पाहिला. दोनदा.

आणि त्याने विचारलं, "सर, हे बारा मी आता उचलू शकतो का?"

पान माझ्या कीबोर्डशेजारी होतं. माझ्याच अक्षरात, खाली रेघ मारलेलं — कधीही.

मी म्हणालो, "नाही रे. फेरी सुरू झाली की उचलता येत नाही."

आवाज अजिबात हलला नाही. याचंच मला अजून नवल वाटतं. पास लाईनचा खरा नियम मी नुसता आकड्यावरच्या डावावर नेऊन ठेवला, म्हणून ते इतकं सहज निघालं. रुपाली म्हणाली, "सर म्हणतात म्हणजे नाही." प्रशांतने मान हलवली. त्याने गूगलसुद्धा केलं नाही. का करेल?

दादाने फासे टाकले. चार आणि तीन.

रात्रभरात फोन करून सांगता आलं असतं. सकाळीही आलं असतं. आर्नहेमहून गाडीत बसलो, उट्रेख्तला गाडी बदलली, आल्मेरेला उतरलो. प्रत्येक स्टेशनवर मास्कच्या आत वाक्य जुळवत होतो, प्रशांत, तूच जा. लिहिलं नाही, बोललो नाही. वहिनींनी मसालेभात आणि कढी केली होती. मी पोटभर जेवलो. चव लागली नाही असं लिहायचा मोह होतोय. खोटं आहे ते. फार चव लागली.

अडीचच्या सुमारास हेमंतदादाचा फोन वाजला. प्रशांत होता. आई अर्ध्या तासापूर्वी गेली होती. लातूरहून फोन आला तेव्हा तो खोलीत मॅगीचं पाणी ठेवत होता, हे त्यानंच दादाला सांगितलं. वहिनींनी फोन हिसकावून घेतला. "तू आत्ताच्या आत्ता इकडे ये. नियम गेला खड्ड्यात!" तो काय म्हणाला ते मला स्पीकरवर ऐकू आलं. "नको वहिनी, तुमच्याकडे आलाय ना कुणीतरी. उगाच दंडबिंड नको."

कुणीतरी म्हणजे मी.

दादा गाडी काढून नायमेखनला निघाला. प्रशांतच्या खोलीवरही एकच पाहुणा चालणार, म्हणून त्याने मला वाटेत आर्नहेमला सोडलं. तासाभराचा रस्ता. तो एकदाच बोलला, "काल त्याचा आकडा लागला असता तर पोरगं आमच्यात असतं रे." तोंड उघडलं होतं मी. मग विचारलं, "दादा, इथून उजवीकडे ना?"

सहा-सात महिन्यांनी, निर्बंध सैल झाल्यावर, प्रशांत भेटला. वाल नदीकाठी चालत होतो. तो आपणहून म्हणाला, "एका अर्थी बरं झालं तू जिंकलास. तिथं असतो तर सगळ्यांसमोर कोसळलो असतो."

हे वाक्य मी इतकी वर्षं वापरलं. मनात काही उसळलं की ते काढायचं. बघ, तोच म्हणाला, बरं झालं. पण ते तो कुणाला म्हणाला होता? न्यायाने जिंकलेल्या मित्राला. तो मित्र मी नव्हतोच.

कोसळायचं होतं तर त्याने तिथेच कोसळायला हवं होतं. वहिनींच्या स्वयंपाकघरात, दादा शेजारी असताना. आई गेल्याचं त्याने एका बंद खोलीत एकट्याने ऐकलं. मी 'नाही' म्हणालो म्हणून. आणि त्या वेळी मी दुसऱ्यांदा भात वाढून घेत होतो.