उलटी बसलेली झडप

लीलाधर मास्तरांना लोक येडा म्हणायचे. म्हणेनात का! आमच्या भाईंदरच्या खाडीकाठच्या शाळेत ते १९३६ साली आले आणि पुस्तक मिटून आम्हाला हातानं शिकवायला लागले. मोडक्या वल्ह्याची तरफ, करवंटीचा तराजू, काय वाट्टेल ते. स्वतः कोळ्याचे, फायनल पास, आवाज इतका मऊ की मागच्या बाकावर ऐकूच यायचा नाही.

पण पालक भडकले. माझ्या वर्गातल्या इनेझचा बाप कॅजिटन, भातशेती करणारा, शाळेत येऊन गरजला, "चिखल घरी काय कमी हाय? शनिवारी पोरं काय शिकली ते दाखवा, न्हायतर हा तास बंद!" बाकीच्यांनी माना हलवल्या. मास्तरांचं तोंड एवढंसं झालं.

शनिवारी आम्ही मोठ्या घंगाळात मातीचा बांध घातला. एकीकडे खाडी, दुसरीकडे शेत, त्यात भाताची चार रोपं. बांधात उघाडी, म्हणजे पाण्याची वाट, आणि तिच्यावर चामड्याच्या पट्टीनं लटकवलेली फळीची झडप. झडप बसवली मी. सगळे पालक जमल्यावर इनेझनं खाडीत पाणी ओतलं. भरती चढली, झडप उघडली आणि खारं पाणी थेट भातात! काय हसले मेले!

मास्तर तास संपवायला घंटेकडे निघाले. मला राहवेना.

"मी बसवली ती!" मी ओरडले. "माझा बाप मिठागरात हाय. आमच्यात भरती आत घेतात!"

"अगो शकू, शेतात ती बाहेर ठेवायची असते!" कॅजिटन म्हणाला. "झडप खाडीच्या अंगाला पायजे."

माझा बाप जानू उसळला. "मग मीठ काय आभाळातून पडतं?"

भांडत भांडत दोघं घंगाळाशी बसले. कॅजिटननं झडप काढून खाडीच्या बाजूला लावली, पाणी ओतलं. झडप गच्च मिटली. शेतात ओतलं तर उघडली. कोपरापर्यंत चिखल, पण दोघांचं तिकडे लक्षच नाही.

"तास संपवू का?" मास्तरांनी घंटेजवळून विचारलं.

"खबरदार!" कॅजिटन मान वर न करता म्हणाला. "जानूचं मिठागर अजून बांधायचं हाय. पोरांनो, माती आणा."

मास्तर तिथंच मटकन खाली बसले आणि हसत हसत रडायला लागले. मीसुद्धा.