खुंटीवरचा दोर

“तुझा दादा तलावावर गेलाय, आन दोर हितंच खुंटीला हाय गो...” वहिनीचा फोन आला तो एवढंच सांगायला. काही झाल्याचं अजून तिलाही ठाऊक नव्हतं, तरी मी तशीच निघाले. कामतघरहून रिक्षानं गावी पोचेपर्यंत मी किती नवस बोलले ते वज्रेश्वरीलाच ठाऊक. काठावर माणसं जमली होती. कुणी माझ्या नजरेला नजर देईना, तेव्हाच मला कळलं.

दादा पाण्यात उतरायचा तो कमरेला दोर बांधून आणि दुसरं टोक माझ्या हातात देऊन. लहानपणापासूनची आमची पद्धत. खालून दोन झटके आले की ठीक आहे. नाही आले तर मी ओरडून गाव गोळा करायचं. मी जन्माची भित्री. घोटाभर पाण्यातही मला बुडाल्यासारखं वाटतं. दुसऱ्या कुणाला तरी उभं कर, म्हणून मी त्याच्या किती विनवण्या केल्या! तो हसायचा. “काठावर भित्रंच मानूस पायजे. धीट मानूस दोर सोडून गप्पा मारीत बसतं.”

खरं तर त्याला मासळीची गरज उरली नव्हती. दापोड्याच्या बाजूला आमच्या जमिनीवर गोदामं झाली, भाडं घरबसल्या येत होतं. पण आमच्या बापानं याच तलावात जाळं टाकलं होतं, आणि पिल्लं निसटतील एवढं मोकळं टाकलं होतं. पुढे तलाव ठेक्यानं गेला. ठेकेदाराची माणसं बारीक नायलॉनची जाळी लावायची आणि फाटली की पाण्यातच सोडून द्यायची. ती तळाशी मासे धरतच राहायची, नुसते कुजायला. त्यात गळाच्या स्पर्धा सुरू झाल्या. लांबून हौशी माणसं गाड्या घेऊन यायची, रोहू-कटला ओढून काढायची, मग वजन, फोटो, टाळ्या, आणि ‘जीवदान दिलं’ म्हणत परत पाण्यात. तोंड फाटलेले ते दमलेले मासे काही दिवसांनी पोट वर करून तरंगायचे, नाहीतर त्या जाळ्यांत जाऊन अडकायचे. दादा एकदा आयोजकाच्या अंगावरच गेला होता. “छोडा किधर, भाई? धीरे-धीरे मारा है!” स्पर्धा संपली की तो जाळी कापायला उतरायचा, आणि काठावर माझा जीव टांगणीला लागायचा.

त्या सकाळी काठाजवळच एक मोठा रोहू जाळ्यात धडपडत होता म्हणे. दोन हातांवर तर आहे, याला दोर कशाला, असं दादाला वाटलं असणार. कोयता घेऊन उतरला, पाय जाळ्यात गुंतला... तिथं पाणी पुरुषभरसुद्धा नव्हतं.

तेरावं झालं आणि वहिनीनं दोर माझ्यापुढे टाकला. खाडीकाठची पोर ती, दादापेक्षा सरस पोहते. “जालं अजून तिथंच हाय. गावची पोरं पवतात तिथं. मी उतरते, तू धर.”

“आपण माणूस लावू ना वहिनी...”

“दुसऱ्या कुनाच्या हातात मी दोर देयाची न्हाय.”

मी धरला. ती खाली गेली. एक झटका आला... दुसरा येईना. मी किंचाळले ती “दादा!” म्हणून. वहिनीला हाक मारायचं सुचलंच नाही. मग दुसरा आला. कापलेल्या जाळ्याचा भारा छातीशी धरून ती वर आली आणि म्हणाली, “निम्मं ऱ्हायलंय.”

त्या दिवशी दोर मी माझ्या घरी घेऊन आले, म्हणजे माझ्याशिवाय तिला उतरता येऊ नये. घरी येऊन खुंटीला अडकवला आणि अंगावर काटा आला. दादा गेला तेव्हाही दोर खुंटीलाच होता की! तेव्हापासून उजाडलं की मी आधी वहिनीला फोन लावते. काल तिनं उचलायला उशीर केला. घंटी वाजत राहिली, वाजत राहिली...

“हाय गो, घरातच हाय,” शेवटी तिचा आवाज आला.

तोवर मी दोर खांद्यावर टाकून जिना उतरले होते.