दगडआजीचा दगड

राग आला की आपल्या घरात कोणी ताट आपटतं, कोणी जेवत नाही. दगडआजी तसलं काही करायच्या नाहीत. त्या राग नीट ठेवून द्यायच्या, लोणच्यासारखा. मुलांनो, तुम्ही त्यांना दगडआजी म्हणायचात. मला त्या वन्सं, तुमच्या आजोबांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. इथे पनवेलच्या कॉलेजात भूशास्त्र शिकवलं आणि शेवटपर्यंत आमच्याकडे राहिल्या.

कुठलाही दगड हातात आला की त्यांचा पहिला प्रश्न, "वरची बाजू कुठली?" व्हिडिओ कॉलवर तुमच्या वाढदिवसाचा थरांचा केक पाहूनही त्यांनी विचारलं होतं, "आधी कुठला थर लावला?" तुम्ही हसलात. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

आपल्याकडचा दगड लाव्ह्याचा, काळा. त्यात जीवाश्म मिळत नाहीत. म्हणून त्या विद्यार्थ्यांना घेऊन कच्छला जायच्या. एकदा तिथे त्यांना एक लादी सापडली. खाली शिंपल्यांचा थर, वर सुकून भेगाळलेला चिखल, भेगांत वाळू भरलेली. म्हणजे आधी समुद्र होता, मग तो हटला आणि जमीन उघडी पडली. परतीच्या बसमध्ये ती लादी त्यांनी मांडीवर घेतली होती.

विभागप्रमुख सरांनी ती कॉलेजच्या दारातल्या काचेच्या कपाटात ठेवली आणि खाली पितळी पाटी लावली: शोधक म्हणून स्वतःचं नाव. वन्संनी विचारलं तेव्हा म्हणाले, "मॅडम, विभागाचं ते माझंच. तुम्ही कशाला वाईट वाटून घेता?"

त्या संध्याकाळी मीच चिडले होते. आजोबा म्हणाले, "ताई, तक्रार कर." वन्सं शांतपणे खिचडी खात होत्या.

"नको. त्यांनी दगड उलटा बसवलाय."

"मग सांगा ना त्यांना."

"कशाला? शिंपले वर छान दिसतात म्हणे."

पुढे कितीतरी वर्षं सर प्रत्येक पाहुण्याला त्या कपाटापाशी नेऊन सांगत, आधी इथे जमीन होती, मग समुद्र आला. वन्सं शेजारी उभ्या राहून मान डोलवायच्या. मी विचारलं तर म्हणायच्या, "पिकू दे."

ते पिकलं सरांच्या निवृत्तीच्या समारंभात. बाहेरून मोठमोठे प्राध्यापक आले होते. वन्संना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्यांनी सरांच्या शिस्तीचं, अक्षराचं मनापासून कौतुक केलं. मग म्हणाल्या, "जाता जाता सरांनी एवढं समजावून सांगावं. चिखल वरून सुकतो, म्हणून भेग वर रुंद आणि खाली निमुळती असते. आपल्या कपाटातल्या चिखलाला खालून ऊन लागलं होतं का?"

आधी एक पाहुणे हसले. मग दोघंतिघं उठून दारातल्या कपाटाकडे गेले. सर घाम पुसत म्हणाले, "मॅडम, हे तुमच्या कधी लक्षात आलं?"

"सापडला तेव्हाच, सर. मला सापडला होता ना."

पाटी निघाली. नवे प्रमुख वन्संच्या नावाची पाटी करायला तयार होते. त्या म्हणाल्या, "पाटी नको, दगड द्या." तेव्हापासून तो आपल्या दिवाणखान्यात आहे, शिंपले खाली, भेगा वर.

गेल्या वर्षी वन्सं गेल्या. दहाव्यानंतर सर कामोठ्याहून भेटायला आले, काठी टेकत. मी त्यांना दगडासमोरच्या खुर्चीत बसवलं. दुसऱ्या खुर्चीवर मुद्दाम घड्या केलेले कपडे ठेवले होते.

"वहिनी, जुनं सगळं आता विसरायला हवं," ते म्हणाले. मी चहा दिला. त्यांची नजर भेगांवरून हलेना. थोड्या वेळाने विचारलं, "यावर त्यांचं नाव नाही घातलं?"

"आमच्याकडे येणाऱ्या सगळ्यांना माहीत असतं, सर."

त्यांनी चहा घाईने संपवला आणि काठी हातात घेतली. त्यांना जाऊ द्यावं असं क्षणभर मला वाटलं. मग वन्संची आठवण झाली.

"बसा हो," मी म्हटलं. "अजून एक कप टाकते. सावकाश घ्या."